टेंपोवर एक गाणं आपलं

आसनगाव स्टेशनबाहेर, शहापूरच्या रिक्षा भरतात तिथं, तीन पोरांनी मला गाठलं. एक मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. दुसरा कॉलेजात आहे. तिसरा बापाबरोबर भात लावतो आणि लग्नसराईत बेंजो वाजवतो. तिघांना मिळून रॉक बँड काढायचा आहे. त्यांनी वहीच्या पानावर यादी केली होती. इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार, ड्रमसेट, दोन अँप, मुंबईत स्टुडिओ आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं : मुंबईत ओळख.

“काका, यातलं आधी काय घ्यायचं?”

मी म्हटलं, शेवटची ओळ आधी खोडा.

त्यांना ते आवडलं नाही. रिक्षा भरली, आम्ही निघालो, आणि चेपून बसलेल्या त्या दहा मिनिटांत जे सांगता आलं नाही ते आज इथं लिहितो. कारण हा प्रश्न त्या तिघांचाच नाही. खर्डी, वासिंद, किन्हवली, सरळगाव, टोकावडे, कुठंही जा. कानात इअरफोन घालून गिटारचा आवाज ऐकणारी पोरं भेटतात. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली आहे, की संगीत मुंबईत होतं आणि आपल्याकडं फक्त वाजतं. मला या समजुतीचा राग आहे.

आधी सरळगावच्या बाजूची एक हळद सांगतो.

मे महिना. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या. उन्हं उतरताना ‘छोटा हत्ती’ टेंपो आला आणि त्यातून पाच पोरं उतरली. तासाभरात त्यांनी भोंगे लावले, जनरेटरची वायर ओढली, मिक्सरवर इको जमवला. एकानं ऑक्टोपॅड स्टँडवर चढवला, एकानं कॅसिओ. ढोलकीवाला वादीला ताण देत बसला. मधल्या खुर्चीवर बेंजोमास्तर. त्यानं मांडीवर बेंजो घेतला, एकेक तार पिळून सूर जुळवला, वायर खोचली आणि नखी मारली. सबंध आळी हलली. लहान पोरं धावत आली, म्हातारे खुर्च्या मागं ओढून बसले. पहिलं देवाचं, मग एकवीरेचं, मग कोळीगीतं, मग हिंदी, मग फर्माइशी. कुणी नोट पुढं करून “हेच परत” म्हणालं की परत तेच. मध्ये एक भोंगा बसला, तर वाजवणं न थांबवता एकानं वायर बदलली. घामानं शर्ट अंगाला चिकटले होते. ठेक्यात जरा चूक झाली की बेंजोमास्तर पॅडवाल्याकडं नुसतं बघत होता आणि पुढच्या आवर्तनात ती दुरुस्त होत होती.

आता सांगा, यात रॉक बँडचं काय कमी आहे? विजेवर चालणारं तारवाद्य आहे. तालाला माणूस आहे, सुराला माणूस आहे. समोर नाचणारी गर्दी आहे. आणि पाच जण आहेत, जे एकमेकांकडं नुसतं बघून कळून घेतात. हे शेवटचं तर विकत मिळतच नाही, त्यासाठी एकत्र घाम गाळावा लागतो.

कमी होतं ते एकच. रात्रभरात त्यांनी वाजवलेलं एकही गाणं त्यांचं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचा सगळा लेख त्याच्या पुराव्यासाठी.

बेंजोला कमी लेखणारे पुष्कळ आहेत. ‘धांगडधिंगा’ हा त्यांचा आवडता शब्द. त्यांनी या वाद्याचा प्रवास एकदा ऐकावा. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसानं ताईशोगोतो हे वाद्य तयार केलं. लाकडी पेटी, तारा, आणि टाइपरायटरसारखे खटके. खटका दाबला की तार त्या जागी दबते, दुसऱ्या हातानं छेडली की सूर निघतो. घरोघरी कुणालाही वाजवता यावं म्हणून केलेलं साधं वाद्य. ते समुद्रमार्गे आपल्याकडं आलं, बुलबुल तरंग झालं आणि आपल्या मांडवांत बेंजो या नावानं स्थिरावलं. तारांखाली कॉइल बसवली, आवाज अँपमध्ये सोडला, इको लावला. इलेक्ट्रिक गिटारमध्ये याहून वेगळं काय घडतं? तारेची थरथर, तिच्याखाली चुंबक आणि तांब्याची गुंडाळी, तिथून निघालेली बारीकशी वीज, तिला मोठं करणारा अँप. तत्त्व तेच. फरक खटक्यांचा आहे. गिटारची तार बोटानं ताणता येते, बेंजोवर मींड काढणं अवघड. पण त्या अवघडपणातूनच बेंजोचा तो खणखणीत, तुटक, धारदार आवाज आला. तो जगात दुसऱ्या कशाचाही नाही.

हेच जपानी खेळणं कराचीमार्गे बलुचिस्तानात गेलं. बलुची लोकांनी ते लांब केलं, जड केलं, त्याला ‘बेंजू’ म्हटलं आणि त्यावर मैफलीचं संगीत उभं केलं. बिलावल बेल्जियम या वादकाची त्यावरची हुकमत आजही सांगितली जाते. एकाच पेटीला त्यांनी मैफलीची गादी दिली. आम्ही तिला मांडव दिला, आणि वर तिची लाज बाळगली. वाद्य तेच आहे, लाज आमची आहे.

हे बलुचिस्तानातच घडलं असं नाही. डेमोक्रॅटिक काँगोची राजधानी किन्शासा. तिथल्या ‘कोनोनो नंबर वन’ या संचाकडं लिकेंबे होतं, अंगठ्यानं पट्ट्या छेडायचं छोटंसं पारंपरिक वाद्य. शहराच्या गोंगाटात त्याचा आवाज पोचेना, म्हणून त्यांनी जुन्या मोटारींच्या सुट्या भागांतली चुंबकं काढून घरीच मायक्रोफोन बनवले. आवाज फाटका, खरखरीत आला. त्यांनी तो तसाच ठेवला. २००४ साली त्यांचा ‘काँगोट्रॉनिक्स’ आला आणि युरोपातले रॉकवाले कान टवकारून ऐकू लागले. सहाराच्या वाळवंटातला तिनारिवेन हा तुआरेग लोकांचा बँड घ्या. त्याच्या इब्राहिम अग अलहबीबनं लहानपणी पहिली गिटार केली ती पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून. तुआरेग लोकांचे हाल, त्यांचं परागंदा होणं, त्यांची भाषा, हेच त्याच्या गाण्यांत आलं. पुढं त्या बँडला ग्रॅमी मिळालं. यांपैकी कुणी ‘मुंबईत ओळख’सारखी ओळ यादीत लिहिली नव्हती.

आणि खुद्द बीटल्स? ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागात चर्चची जत्रा होती. सोळा वर्षांचा जॉन लेनन आपल्या ‘क्वॉरीमेन’ नावाच्या पोरांच्या संचाबरोबर तिथं वाजवत होता. मिरवणुकीत ही पोरं चालत्या लॉरीच्या हौद्यात बसून वाजवत गेली. त्याच दिवशी त्याला पॉल मॅकार्टनी भेटला. लॉरीच्या हौद्यात, मिरवणुकीत, हलत्या गाडीवर. वरातीच्या टेंपोवर वाजवणाऱ्या आपल्या पोरांना हे वाक्य मी दोनदा वाचायला सांगेन.

त्यांची वाद्यंही बघा. त्या काळात इंग्लंडमधल्या पोरांत स्किफलची लाट होती. स्वस्त गिटार, कपडे धुवायची पन्हाळी पाटी, आणि चहाच्या लाकडी खोक्याला काठी-दोरी लावून केलेला बेस. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९६० मध्ये, लेनन, मॅकार्टनी आणि त्यांचे साथीदार बीटल्स या नावानं हॅम्बुर्गला गेले आणि तिथल्या क्लबांत एका रात्रीत चार-चार, सहा-सहा तास वाजवू लागले. समोर खलाशी, दारू, हाणामाऱ्या. गाणी संपली की तीच गाणी लांबवायची. तिथं त्यांचा हात तयार झाला. आमच्या पोरांचा हात हळदीला तयार होतो. तुळशीचं लग्न लागल्यापासून पाऊस पडेपर्यंत रात्रीमागून रात्री वाजवणारा वीस वर्षांचा पॅडवाला तालाला इतका पक्का होतो, की मुंबईतल्या गॅरेजमध्ये रविवारी दोन तास सराव करणाऱ्या पोरानं त्याच्यापुढं बसून शिकावं.

फरक कुठं पडला? बीटल्सनी दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता स्वतःची लिहिली. आमची पोरं दुसऱ्यांचीच वाजवत म्हातारी होतात. तिशीत लग्न होतं, बेंजो माळ्यावर जातो, टेंपो दुसऱ्याचा होतो.

यात दोष पोरांचा अर्धाच. उरलेला अर्धा आपला, खुर्च्यांवर बसलेल्यांचा. नवं गाणं सुरू झालं की आपण पहिल्या अंतऱ्यालाच ओरडतो, “मास्तर, हे कसलं? ते चालू द्या.” पैसे देणारा नवरदेवाचा मामा उठून टेंपोपाशी जातो. पोरं घाबरतात. उरलेल्या पैशांचा सवाल असतो. इसार घेतलेला असतो, बाकीचे सकाळी मिळायचे असतात. अशा वेळी कोण स्वतःचं गाणं रेटील? म्हणून मामांना माझी हात जोडून विनंती आहे. चार मिनिटं बसा. फक्त चार. तुमच्या भाच्याच्या हळदीला जे गाणं पहिल्यांदा वाजलं, ते उद्या तालुक्यानं गायलं तर सांगताना छाती फुगेल तुमचीच.

मुंबईतही हीच झटापट झाली होती. १९८४ साली तिथं ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. त्या काळात इंग्रजी रॉकच्या श्रोत्यांना परदेशी बँडांची गाणी हुबेहूब हवी असत. जो जितका हुबेहूब, तो तितका मोठा. या पोरांनी स्वतःची गाणी लिहायचा हट्ट धरला. १९८८ साली त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा आल्बम आला. पुढं नाव बदलून ते ‘इंडस क्रीड’ झाले. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला आणि दोन पिढ्यांच्या पोरांनी तिथल्या उघड्या आभाळाखाली पहिल्यांदा मोठा मंच पाहिला.

आज त्या रंगभवनात काय आहे? आसपास रुग्णालयं, कॉलेज. शांतता क्षेत्राच्या नियमात ते सापडलं आणि गप्प झालं. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ उघडला, नव्या बँडांचं माहेरघर झाला, २०१६ साली बंद पडला. ज्या मंचांसाठी तुम्ही कसारा लोकलनं ऐंशी-नव्वद किलोमीटरची ओढ घेणार, ते मंचच टिकत नाहीत. आणि समजा टिकले. रात्री अकराला कार्यक्रम संपल्यावर खांद्यावर गिटार, हातात पेडलचं खोकं घेऊन शेवटची गाडी पकडायची, आसनगावला उतरायचं, आणि तिथून मुरबाडला जायला काय आहे? एसटी तर रात्री नाही. मुरबाडला रेल्वे तर अजून कागदावरच धावते. जा, जरूर जा, एकदा पाहून या. पण सुरुवात तिथं करू नका. मांडव दरवर्षी उभा राहतो. तो कुणी बंद केलेला नाही.

मराठीत आपलं गाणं करायची वाट कुणी घातली नाही असंही नाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ‘वेसावकर आणि मंडळी’ आठवा. वाडीतलीच माणसं, वाडीचीच बोली, बोटीची, बाजाराची, लग्नाची गाणी. कॅसेट निघाली आणि शहापूरपासून अलिबागपर्यंत एकही हळद त्यांच्याशिवाय लागेना. त्यांनी आधी वाडीला पटवलं, मग मुंबईला. अलीकडचं हवं असेल तर मुंबईचे ‘स्वदेसी’ हे रॅपवाले घ्या. आरेच्या जंगलासाठी त्यांनी वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेतलं आणि २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. पाड्यावरचा आवाज आणि शहरातला ठेका एका गाण्यात बसला. आम्ही तर पाड्यांच्या मधोमध राहतो.

रवी जाधव यांचा २०१६ सालचा ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा पोरांनी पाहिलेला असतो. रितेश देशमुख त्यात बेंजो वाजवतो. त्याबद्दल मला आनंदच आहे, कारण पडद्यावर कुणीतरी या वाद्याला नायकाच्या हातात दिलं. पण त्या गोष्टीत बेंजोवाल्याला शोधत न्यूयॉर्कहून बाई येते. ती कल्पना डोक्यातून काढा. सरळगावला न्यूयॉर्कहून कुणी येणार नाही. कल्याणहूनसुद्धा येणार नाही. आपल्याला आपणच शोधायचं आहे.

मग गायचं कशावर?

हा प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी तानसाच्या पाइपलाइनवर उभं करतो. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला जातंय. नंतर भातसा झालं. धरणं आमच्या तालुक्यात, पाइप आमच्या शिवारातून, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांगही आमच्याच पाड्यांवर. बारवीच्या पाण्याखाली मुरबाडची गावं गेली. पाणी इथून तिकडं जातं आणि गाणी तिकडून इकडं येतात. ही दुसरी नळजोडणी तरी उलटी फिरवता येईल की नाही? पहाटेच्या कसारा लोकलच्या दारात लटकून आयुष्य काढणारा बाप हे गाणं आहे. म्हसाच्या जत्रेत विकायला नेलेला आणि न विकता परत आणलेला बैल हे गाणं आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यात शेत गेलेल्या घरातला पोरगा, पैसे आले आणि गेले, आता पुलाखालून वरच्या गाड्यांचा आवाज ऐकतो, हे गाणं आहे. माळशेजच्या धुक्यात दारू पिऊन कडेलोट करून घेणारी शहरातली टोळकी, सिद्धगडच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी गोळ्या झेलणारे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील, एमआयडीसीत बारा तास उभी राहणारी कंत्राटी बहीण. अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांतून ब्लूज निघाला, त्यातून रॉक. आमच्या भाताच्या खाचरांतून काही निघणार नाही, असं कुणी ठरवलं?

चालीही बाहेरून आणायला नकोत. ठाकरांचा कांबड नाच आहे, गौरी नाच आहे, वारल्यांचा तारपा आहे, वाड्यावाड्यांचा ढोल आहे. पण एक सांगतो : चाल उचलायची तर माणसालाही बरोबर घ्या. पाड्यावर जाऊन मोबाइलवर टिपायचं आणि घरी येऊन खाली आपलं नाव घालायचं, ही चोरी आहे. शहरवाले हे करत आले, आपण करू नये.

आणि पोरी कुठं आहेत? पाच जणांच्या संचात पाचही पोरगे. माझ्या पाहण्यात बेंजो पार्टीत बसलेली मुलगी एकही नाही. घरात मात्र गाणं बायकांचंच आहे. जात्यावर, आवणीला, हळदीला. रात्री उशिरापर्यंत बाहेर, टेंपोत, दारू प्यालेल्या गर्दीसमोर, अशी आईबापांची भीती असते आणि ती खोटी नाही. मग संचानं नियम करावा : मुलगी वाजवत असेल तर आठला सुरू, दहाला बंद, घरापर्यंत सोडणं संचाची जबाबदारी, आणि टेंपोपाशी कुणी झिंगलेला आला तर वाजवणं थांबलं. हा नियम करायला कुणाची परवानगी लागत नाही.

दहाला बंद तसंही कायद्यानंच आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. पोरं याला शिव्या घालतात. मला हा नियम नव्या बँडच्या फायद्याचा वाटतो. मध्यरात्री, लोक दमलेले, अर्धे पडलेले, तेव्हा नवं गाणं कोण ऐकणार? आपलं गाणं नऊ वाजता वाजवा. आधी दोन सगळ्यांना येणारी गाणी, मग तिसरं आपलं, लगेच चौथं पुन्हा ओळखीचं. मधे भाषण नको, ‘आता आम्ही सादर करत आहोत’ नको. ढोलकीवरून थेट सुरू. आठ हळदींत तेच गाणं वाजवा. नवव्या हळदीला कुणीतरी फर्माइश करील. ती आली की समजा, बँड सुरू झाला.

डीजेची भीती सगळ्यांनाच आहे. एक माणूस, एक लॅपटॉप, भिंतीएवढे बॉक्स. पाच पोरांच्या पोटावर पाय आलाय हे खरं. आवाजात त्याच्याशी स्पर्धा करायला जाल तर कानही जातील आणि सुपारीही. त्याच्याकडं जगातली सगळी गाणी आहेत. तुमचं नाही. एवढीच जागा मोकळी आहे, आणि ती तुमचीच आहे.

आता पैशांचं. सुपारीचे पैसे सकाळी पाच वाटे होऊन संपतात. सहावा वाटा काढा. बँडचा डबा. त्याला हात लावायचा नाही. दोन लग्नसराईंत त्यातून एक बरा मायक्रोफोन आणि रेकॉर्डिंगची पेटी येते. स्टुडिओ लागत नाही. भाताच्या पेंढ्यानं भरलेली खोली बघा. पेंढा आवाज पितो, गुंजू देत नाही. भिंतींना गोधड्या टांगा. फक्त पत्र्याखाली नको, कारण तुमच्याकडं वेळ असतो तो आवणी उरकल्यावर, आषाढ-श्रावणात, लग्नं नसतात तेव्हा, आणि तेव्हा पत्र्यावर पाऊस ताशा वाजवतो. कौलाखाली किंवा स्लॅबखाली बसा. चातुर्मास हा तुमच्या सरावाचा काळ. गणपतीपर्यंत तीन गाणी बसली पाहिजेत.

आणि वही घाला. कुठलं गाणं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, तारीख, सगळ्यांच्या सह्या. गाणं केलं की त्याचा हक्क करणाऱ्याचाच होतो, नोंदणी केली नाही तरी. पण उद्या कुणी उचललं तर वही बोलते. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊनही कुणाला पूर्ण गिळता येत नाही. हे पैसे गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे. तिचं सभासद होता येतं. पहिलं गाणं गाजलं की कुणीतरी चकचकीत शर्ट घालून येतो, चार नोटा आणि एक कागद पुढं करतो. कागद घरी न्या. शिकलेल्या माणसाला दाखवा. जागेवर सही करू नका. बँड फुटतात ते सुरावरून फारसे नाहीत. गाणं कुणाचं आणि पैसे कुणाचे यावरून फुटतात. सख्खे मावसभाऊ एकमेकांच्या मयताला न जाताना मी पाहिलेत.

सरळगावच्या त्या हळदीकडं परत येतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली.

पोरांचा टेंपो यायच्या आधी, दुपारी, त्याच मांडवात एक धवलारीण गात होती. सत्तरीची असेल. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, दात थोडे. लग्नाचा एकेक विधी तिच्या गाण्याशिवाय पुढं सरकत नव्हता; ती गाते तेव्हा ती त्या लग्नाची भटजीणच असते. एकसुरी वाटणारा धवला, पण मध्येच एका शब्दावर ती असा आवाज फेकत होती की अंगावर काटा यावा. चार बायका मागून झेलत होत्या. ना माइक, ना पेटी. संध्याकाळी टेंपो आला, ती उठली, तिला कुणीतरी चहा दिला, आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली. ज्या मांडवात शेकडो वर्षांचं गाणं आणि विजेवरचं वाद्य एकाच दिवशी असतात, तिथं त्या दोघांची ओळखसुद्धा कुणी करून देत नाही. माझ्या मनाला ते फार लागलं.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, “आजी, या पोरांबरोबर गाल का?”

तिनं टेंपोकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “गाईन की. पर ती पोरं लय वर चढल्यात. मना तिथं नाय येता येयाचं. त्यांना म्हनावं, खाली या.”

हे मी रिक्षातल्या त्या तिघांना सांगितलं. शहापूर आलं होतं. दोघं पैसे काढत होते. बेंजोवाला पोरगा मात्र उतरेना. त्यानं वहीचं ते पान उलटं केलं, पेन मागितलं आणि विचारलं, “आजी गाते ती पट्टी कुठली, काका? काळी दोन असेल?”

मी म्हटलं, पांढरी एकच्याही खाली वाटली.

“मग सगळ्या तारा उतरवाव्या लागतील,” तो म्हणाला, आणि पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहून घेऊ लागला.